खड्डा दिसला म्हणून घरटं मोजू नका

पहिल्या हंगामात मी चिनूक जातीचे वीस सॅमन मासे कागदावर जन्माला घातले. नदीत ते कधी आलेच नव्हते.

अमेरिकेतल्या स्कॅजिट नदीच्या खोऱ्यातल्या एका ओढ्याच्या पट्ट्यात मी 19 रेड मोजली. रेड म्हणजे सॅमनची घरटी, इथे सगळे हाच शब्द वापरतात. दोन दिवसांनी आमचा क्रू लीड, म्हणजे गटप्रमुख, तोच पट्टा चालून आला आणि त्याला 11 सापडली. प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीला मिळणाऱ्या नद्यांत चिनूकच्या एका रेडमागे अडीच मासे धरायची पद्धत आहे, एक मादी आणि दीड नर. आठ गुणिले अडीच. झाले वीस.

प्युजेट साउंडचा चिनूक 1999 पासून धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. शिवाय न्यायाधीश बोल्ट यांच्या 1974 च्या निकालानंतर पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा अमेरिकन सरकारशी करार केलेल्या मूलनिवासी जमातींचा आहे. त्यामुळे जमाती आणि राज्य सरकार मिळून मोजणीचे आकडे तपासतात आणि त्यावरून पुढच्या मासेमारीचं ठरतं. माझे वीस मासे कुणाच्या तरी ताटात वाढले गेले असते. हे कळलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू.

रत्नागिरीला बी.एफ.एस्सी. करून मी वॉशिंग्टन राज्यात शिकायला आले आणि सप्टेंबर ते डिसेंबर हंगामी टेक्निशियन म्हणून नदीत उतरले. डोक्यात थोडी हवा होतीच. कोकणात पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, ते धरायला मी लहानपणी भावांबरोबर पऱ्यात उतरलेली मुलगी. मासा अंडी घालायला वर चढतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मासा चढून निघून गेल्यावर मागे काय ठेवून जातो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे चढलेला मासा संध्याकाळी कालवणात असतो.

पहिल्यांदाच मोजणीला उतरणाऱ्यांसाठी हे लिहितेय, तेव्हा तुम्हाला सॅमनचं जीवनचक्र येतंय असं धरून चालते. इथले पाचही पॅसिफिक सॅमन एकदाच अंडी घालतात आणि मरतात, समुद्रातून चढणारा स्टीलहेड ट्राउट मात्र पुन्हा येऊ शकतो, वगैरे. ते पुस्तकात आहे. मी सांगणार आहे ते मला ज्याने पाडलं त्याबद्दल, आणि जरा लांबण लागेल.

मादी आडवी होते आणि शेपटीचे फटकारे मारून खडी उडवते. गाळ पाण्याबरोबर वाहून जातो, गोटे थोडे खाली जाऊन बसतात. तयार झालेल्या खळग्यात ती अंडी सोडते, नर त्यावर वीर्य सोडतो. मग ती किंचित वर सरकते आणि पुन्हा खणते. या दुसऱ्या खणण्यातून उडालेली खडी पहिल्या अंड्यांवर पांघरुणासारखी पडते. असं तीन-चार वेळा. म्हणजे घरटं प्रवाहाच्या उलट दिशेने वाढत जातं, आणि काम संपतं तेव्हा वरच्या टोकाला एक रिकामा खड्डा उरतो आणि खालच्या बाजूला सैल खडीचा उंचवटा. अंडी उंचवट्याखाली असतात. खड्ड्यात काही नसतं. हे वाक्य मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर दहापैकी दहा. पण पाण्यात उभं राहिल्यावर डोळा खड्ड्याकडेच जातो, कारण खड्डा गडद दिसतो, त्याच्या भोवतीची खडी उजळ दिसते, आणि सकाळपासून काहीच न सापडलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

आणि माद्या अर्धवट खड्डे खूप करतात. चार फटकारे मारून बघतात. खाली फार मोठे गोटे लागले, खडीतून पाणी हवं तसं झिरपत नसलं, वरून होडी गेली, गळ टाकणारा कुणी जवळ येऊन उभा राहिला, की दिला सोडून. एकच मादी असे दोन-तीन खड्डे करून चौथ्या जागी खरं घरटं बांधू शकते. माझी जी आठ रद्द झाली त्यातले बहुतेक असलेच चाचणीचे खड्डे होते. एक तर मादीने केलेला खड्डाही नव्हता. पडलेल्या ओंडक्यामागे पाण्याने स्वतःच कोरलेली खळगी होती. तिलाही मी खुणेची रिबन बांधून आले होते, नंबर टाकून.

आता माझी पद्धत सांगते. रेडच्या खालच्या बाजूला काठावर उभी राहते आणि खड्ड्याकडे बघतच नाही. आधी उंचवटा शोधते. उंचवटा असेल तर तो सैल आहे का, खडी साधारण एका मापाची आणि गाळ धुऊन निघालेली आहे का, ते बघते. मग दगड कसे पडलेत ते. पुराच्या पाण्याने रचलेले दगड कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात, सगळे एकाच दिशेला कललेले. मादीने उडवलेले दगड कसेही पडतात, कौलारू घरावर माकडं नाचून गेल्यासारखे. शेवटी खड्ड्यात डोकावते. तिला न हलवता आलेले मोठे गोटे तळाशी उघडे पडलेत का? ते दिसले तर तिने मनापासून खणलंय. खड्डा आहे, गोटे आहेत, पण खाली पाठीसारखा उंचवटाच नाही, खडी नुसती विखुरली आहे, तर ते रेड नाही. मन कितीही म्हणो.

रंगावर विसंबू नका, हे वेगळं सांगते. ताजं रेड उजळ दिसतं कारण आजूबाजूच्या दगडांवर शेवाळाचा तपकिरी थर असतो आणि उलटलेल्या दगडांवर नसतो. दोन-तीन आठवड्यांत तोही थर चढतो आणि रेड आजूबाजूच्या तळात मिसळून जातं. उलट, जिथून एल्कचा कळप ओढा ओलांडून गेलाय तिथे खडी लख्ख उजळलेली असते. शरदातला पहिला मोठा पाऊस पडून गेला की सगळा तळच उजळतो. म्हणजे उजळ ते रेड असं धरलं तर तुम्ही जुनी गाळता आणि खोटी मोजता, दोन्हीकडून बुडता.

मादी अजून तिथेच असेल तर तिच्या शेपटीकडे बघा. खणून खणून शेपटीची कड झिजून पांढरी झालेली असते, ती काठावरून सहज दिसते. पांढरी शेपटी आणि खाली उंचवटा, तर शंका नको. पण मादी आहे आणि उंचवटा अजून नाही, तर रिबनवर "अपूर्ण" लिहा आणि पुढच्या फेरीला परत बघा. फेऱ्या सात ते दहा दिवसांनी होतातच. माझी खरी चूक इथे होती. पुढच्या आठवड्यावर सोडायचं म्हणजे आज काम कमी झालं असं मला वाटायचं. संध्याकाळी गाडीत सगळे आपापले आकडे सांगत, आणि माझा आकडा लहान असला की मी खिडकीबाहेर बघत बसे.

आता पिंक सॅमनचं. पिंक बरोबर दोन वर्षं जगतो, आणि स्कॅजिटमध्ये त्याची मोठी झुंड विषम सालीच येते. माझा पहिला हंगाम नेमका विषम सालचा. चिनूकच्या दारातच पिंकची गर्दी, खळाळावर अक्षरशः चाळण केलेली. पिंकची रेड लहान असतात, चिनूकचं रेड माणूस आडवा झोपेल एवढं असतं, पण एकावर एक खणलं की मापही कामी येत नाही. अशा ठिकाणी खड्डे मोजू नका, उंचवटे मोजा. तेही जमलं नाही तर तसं लिहून ठेवा. तुमच्या पहिल्या वर्षाची निवड तुमच्या हातात असेल तर सम साल घ्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घाबरवून टाकलं का? मग हेही ऐका. 2001 साली बुल ट्राउट या माशाच्या रेड मोजणीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळ्या माणसांना तेच ओढे मोजायला दिले. कुणी खऱ्याच्या निम्म्याहून कमी मोजली, कुणी दुपटीहून जास्त. मी वाचला तेव्हा रडायचंच बाकी होतं, सुटल्यासारखं वाटून. पहिले दोन आठवडे तुम्हाला काहीही दिसणार नाही. सगळे "ते बघ, ते बघ" करतील आणि तुम्ही माना डोलवाल. मग एके दिवशी दुपारी, ढग असताना, अचानक एक दिसतं. त्यानंतर ती सगळीकडे दिसू लागतात, आणि तिथून माझं प्रकरण सुरू होतं.

सामानाबद्दल एकच. पोलराइज्ड चष्मा चांगला घ्या, तांबूस काचेचा, कारण इथे ऊन कमी आणि ढग जास्त. पहिल्या पगारातून घ्या. बाकीच्या गोष्टी ऑफिस देतं.

ड्रोन आणि टॅबलेटवर माझं मत विचारलं नाहीत तरी सांगते. मोठ्या उघड्या नदीवर हेलिकॉप्टरमधून मोजणी होते, ड्रोनही चालेल. झाडांनी झाकलेल्या ओढ्यात दोन्हींचा उपयोग नाही. जीपीएसचा बिंदू दरीत आणि झाडीखाली काही मीटर इकडेतिकडे होतो, आणि तुमची दोन रेड एकमेकांपासून दोन मीटरवर असतात. म्हणून रिबन. तारीख, क्रमांक, जात, रिबनपासून रेडचं अंतर आणि दिशा, तुमची आद्याक्षरं. पुराच्या पाण्याच्या वर येईल अशा जिवंत फांदीला बांधा. वहीत हाताने नकाशा काढा, वेडावाकडा चालेल. जे नुसत्या टॅबलेटवर राहिले ते पुढच्या आठवड्यात जुनंच रेड नवं म्हणून मोजताना मी पाहिलेत.

आणि मार्गदर्शक निवडायची संधी मिळाली तर तुमच्या पुढे चालणारा निवडू नका, मागे चालणारा निवडा. पुढे चालणारा सगळं दाखवतो, तुम्ही काही शोधत नाही. मी आधी ज्याच्याबरोबर होते तो गोड माणूस, कॉफी द्यायचा, गोष्टी सांगायचा, आणि शंका आली की म्हणायचा, "टाक अंदाजाने." तसल्यापासून पळा. क्रू लीड मात्र साठीचा, दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा. माझी 19 ची 11 केल्यावर तो ओरडला नाही. मला परत ओढ्यावर नेलं, एकेका रिबनपाशी उभं केलं आणि विचारलं, "अंडी कुठे आहेत, दाखव." आठ वेळा मला बोट ठेवता आलं नाही.

बाकीचं भराभर. वेडर्सचा, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा, पट्टा घट्ट बांधा, पाणी मांडीच्या वर गेलं तर ओलांडू नका, परत फिरा. स्वाभिमान वाळतो, वेडर्स वाळत नाहीत. उंचवट्यावर पाय पडू देऊ नका. सुरुवातीच्या आठवड्यांत, अंड्यांत डोळे दिसायच्या आधी, साध्या धक्क्यानेही ती मरतात. मेलेले मासे तपासताना पाठीवरचा मागचा छोटा पर कापलेला असेल तर तो हॅचरीत वाढवून सोडलेला, नाकात तारेचा टॅग आहे का ते यंत्राने बघायचं, मादीचं पोट उघडून अंडी उरलीत का पाहायचं, आणि शेवटी शेपूट कापायची, म्हणजे पुन्हा मोजला जात नाही. वासाची सवय होते. तुमच्या रूममेटला होत नाही. सुअॅटलसारख्या हिमनदीच्या नद्यांचं पाणी दुधासारखं असतं, तिथे दिसलं नाही म्हणून नाही असं नसतं. पाणी किती खोलवर दिसत होतं ते प्रत्येक फेरीला लिहा. फेरी केली आणि रेड नव्हती तर शून्य लिहा. फेरीच झाली नाही तर रकाना मोकळा सोडा. या दोहोंची गल्लत करणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही, आणि तो मीच आहे, दुसऱ्या हंगामातली.

स्कॅजिटच्या मुख्य प्रवाहावर वर तीन धरणं आहेत, गॉर्ज, डायब्लो आणि रॉस. पाणी अचानक उतरलं तर काठची रेड उघडी पडतात, म्हणून धरणातून पाणी सोडण्यावर बंधनं आहेत. ती नीट पाळायची तर काठाजवळची रेड कुठे आणि किती खोल आहेत हे माहीत असावं लागतं. तेव्हा खोलीचा रकाना कंटाळून मोकळा ठेवू नका.

त्या पहिल्याच हंगामात ऑक्टोबरच्या मध्याला मार्बलमाउंट गावाच्या वर एका छोट्या ओढ्यात मी एका खड्ड्याला "अपूर्ण?" अशी रिबन बांधली. मादी होती, शेपटी पांढरी होती, उंचवटा म्हणावा तर होता. पुढच्या आठवड्यात मादी नव्हती, उंचवटा तेवढाच. क्रू लीडला बोलावलं. तो दहा मिनिटं काठावर उकिडवा बसला, मग म्हणाला, "मलाही कळत नाही." त्यानंतर दोन दिवस पाऊस पडला, ओढा भरून वाहिला, आणि तिसऱ्या फेरीला तिथे नुसती सपाट, उजळ खडी होती. मी रिबन सोडवली आणि वहीत "अनिर्णित" लिहिलं. बेरजेत ते धरलं नाही.