नवा मिक्सर बिघडलेला निघाला तर दुकानातून बदलून कसा घ्यावा

मिक्सर बदलून मिळणार की दुरुस्तीवर भागवावं लागणार, हे बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच ठरतं. दुकानदाराला बिघडलेला नग पुढे डिस्ट्रिब्युटरला परत करायचा असतो. तिथे खोकं, सगळी भांडी आणि जुळणारा सिरियल नंबर नसेल, तर तो नग दुकानदाराच्याच गळ्यात पडतो. म्हणून तो का-कू करतो. त्याची ही अडचण तुम्हीच दूर करून गेलात की निम्मं काम होतं.

आधी घरी खात्री करा. मिक्सर बंद पडला असेल तर बूड उलटं करून पाहा, तिथे एक छोटं, बहुधा लाल, बटण असतं. तो ओव्हरलोड स्विच. भांडं गच्च भरून भिजवलेली डाळ पाण्याशिवाय फिरवली की मोटरवर ताण येतो आणि हा स्विच पडतो. प्लग काढून दहा मिनिटं थांबा, बटण आत दाबा, मग भांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी घालून दुसऱ्या सॉकेटवर चालवून पाहा. काही मॉडेल भांडं खाचेत नीट बसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, तेही बघा. पहिल्या दोन-चार वेळा येणारा जळका वास मोटरच्या वायंडिंगवरचं वार्निश तापल्याचा असतो, त्याला घाबरू नका. धूर निघाला किंवा वास येतच राहिला, तर मात्र दोष समजा. नुसत्या “आवाज फार येतो” या तक्रारीवर सहसा कोणी बदलून देत नाही. ७५० वॅटचा धडधाकट मिक्सरही शेजारी ऐकू जातो.

दुकानात वाद न होता मान्य होणारे दोष वेगळे: अर्ध्या भांड्यालाही ओव्हरलोड स्विच पडणं, एखादा स्पीड न लागणं, कपलर (मोटर आणि भांड्याचं पातं जोडणारा भाग) घसरून पातं न फिरणं, बुडातून गळती. गळती दाखवायला भांड्यात पाणी भरून ते पांढऱ्या कागदावर पंधरा मिनिटं ठेवा. कागद ओला झाला किंवा काळा तेलकट डाग पडला, की त्याचा फोटो काढा. गळणारं एकच भांडं असेल तर तेवढं भांडंच बदलून घ्या. अख्ख्या मिक्सरसाठी अडून बसण्यात वेळ जातो आणि पदरी काही पडत नाही.

बिघाडाचा वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, त्यात बुडाचा सिरियल नंबरही येऊ द्या. स्क्रू अजिबात खोलू नका. सील तुटलं की कंपनी वॉरंटी नाकारते आणि दुकानदारालाही आयतं निमित्त मिळतं.

मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. तक्रार सांगताना “दुरुस्ती करून द्या” म्हणू नका. “नवीन नग सदोष निघाला, बदलून हवा” असंच नोंदवायला सांगा. एकदा जॉब शीटवर, म्हणजे कंपनीच्या तक्रार नोंदीच्या कागदावर, दुरुस्ती लागली की पुढचं सगळं दुरुस्तीच्याच वाटेने जातं, सुटे भाग येईपर्यंत तुम्ही पाट्यावर वाटत बसता.

दुकानात नेताना मूळ खोकं थर्माकोलसकट, तिन्ही भांडी धुऊन-पुसून (हळदीचे डाग दिसले की “वापरलेला माल” हे ऐकावं लागतं), झाकणं, वॉरंटी कार्ड आणि पक्कं बिल घ्या. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पुसट होतं, त्याची झेरॉक्स आधीच काढून ठेवा. कच्च्या चिठ्ठीवर घेतला असेल तर यूपीआयचा किंवा कार्डाचा मेसेज दाखवा. गर्दीच्या संध्याकाळी जाऊ नका, सकाळी दुकान उघडल्यावर मालक निवांत असतो.

“सर्व्हिस सेंटरला जा” असं उत्तर आलं तर आवाज न चढवता एवढंच म्हणा: “शेठ, कंपनीत तक्रार नोंदवली आहे, हा नंबर. तुम्ही नकार देत असाल तर बिलावर तसं लिहून सही-शिक्का द्या.” लिहून द्यायची वेळ आली की बरेच जण डिस्ट्रिब्युटरला फोन लावतात. तेच मॉडेल शिल्लक नसेल तर फरक भरून वरचं मॉडेल घ्या किंवा पैसे परत मागा. मिक्सर दुकानात ठेवून येणार असाल तर तारीख आणि सिरियल नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

बदली नग काउंटरवरच उघडून सगळी भांडी पाणी घालून चालवून पाहा. बिलावर आणि वॉरंटी कार्डावर नवा सिरियल नंबर चढवून घ्या. हे राहून जातं आणि वर्षभराने सर्व्हिस सेंटरवाला “हा नंबर तुमचा नाही” म्हणतो.

“विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. त्यामुळे दुकानदार ऐकेना तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, मराठीत बोलता येतं. सोबत दुकानदार आणि कंपनी या दोघांनाही पंधरा दिवसांची मुदत देणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा.

तरीही काही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही. मिक्सर तोवर तसाच खोक्यात ठेवा, बाहेरच्या मेकॅनिककडून दुरुस्त करून घेऊ नका. दोष तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो.