जँगोमधून बुकिंगचा मेल कसा पाठवायचा

मालवणात मामाच्या होमस्टेसाठी मी जँगोत, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, बुकिंगची साइट केलीय, पाहुण्याला कन्फर्मेशनचा मेल जायलाच हवा, नाहीतर माणूस रात्री कुडाळ स्टेशनला उतरून फोन करत बसतो की खोली आहे ना. तर सुरुवातीला खरा मेल पाठवूच नका. सेटिंग्जमध्ये ईमेल बॅकएंड (मेल कुठून पाठवायचा ते ठरवणारी सेटिंग) कन्सोलचा ठेवा, मेल टर्मिनलवर छापून येतो, नाव, तारखा, पैसे सगळं तिथेच तपासा.

मग एसएमटीपी, म्हणजे खरा मेल पाठवायचा सर्व्हर. होस्ट, युजर, पासवर्ड टाका, पोर्ट 587 असेल तर टीएलएस ट्रू, 465 असेल तर एसएसएल ट्रू (दोन्ही कनेक्शन एन्क्रिप्ट करायच्या पद्धती), दोन्ही एकदम केलं की एरर येतो. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून 16 अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्या आणि तो कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर सिस्टिमच्या सेटिंगमध्ये, ठेवा, हे खरंच मनावर घ्या.

आता टाइमआउट, म्हणजे मेल सर्व्हरच्या उत्तराची किती वेळ वाट पाहायची ते. जँगोत तो मुळात सेटच नसतो. जुलैच्या पावसात आमच्याकडे नेट रेंगाळलं की टेस्ट करताना पान नुसतं फिरत राहायचं, म्हणून मी 10 सेकंद दिलेत. फेल सायलेंटली ट्रू करू नका, मेल अडकला हे कळतच नाही. आणि सेंड मेल थेट व्ह्यूमधून (पानाची विनंती हाताळणारा कोड) न करता सेलरीच्या (कामं मागे वेगळी चालवणारं टूल) टास्कमध्ये टाका, ते टास्कही ऑन कमिटमधून सुरू करा, म्हणजे बुकिंग डेटाबेसात पक्कं बसल्यावरच मेल निघतो.

स्वतःचं डोमेन असेल तर एसपीएफ आणि डीकेआयएमचे रेकॉर्ड (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या डीएनएस नोंदी) लावा, नाहीतर मेल स्पॅममध्ये जायची भीती.