घरची भट्टी : काच आणि मातीकाम करताना या चुका टाळा

मांजलपूरच्या आमच्या घरी अगाशीवर (बडोद्याबाहेरच्यांसाठी : गच्चीवर) पत्र्याखाली माझी भट्टी आहे. २३ ग्रेडच्या हलक्या इन्सुलेशन विटा, कंथालची (भट्टी तापवणाऱ्या मिश्रधातूची) तार, तापमान राखणारा पीआयडी कंट्रोलर आणि त्याच्या इशाऱ्यावर तारेची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे एसएसआर. एका मे महिन्यात काचेच्या बशा ७८० अंश सेल्सियसला लावून मी जेवायला खाली उतरलो. जेवण, वर एक डुलकी. परत आलो तर आकडा १०२० आणि अजून चढतोय! कंट्रोलरचा आउटपुटचा दिवा मात्र विझलेला. बशांचं थारोळं शेल्फला चिकटलं ते कायमचं.

दोष एसएसआरचा. तो बिघडतो तेव्हा बहुधा ‘चालू’ स्थितीतच अडकतो; कंट्रोलर कितीही ‘बंद’ म्हणू दे, तार तापतच राहते. म्हणून त्याच्या आधी एक कॉन्टॅक्टर (चुंबकाने चालणारा मोठा स्विच) बसवा आणि तापमान हाताबाहेर गेलं की तो पाडायला वेगळा थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंची जोडतार) असलेला दुसरा साधा कंट्रोलर ठेवा. माझ्याकडे हे नव्हतं, कारण पैसे वाचवायचे होते. शिवाय एसएसआरमधून दर अँपिअरला साधारण सव्वा वॉट उष्णता निघते. १३ अँपिअरला ती सोळा वॉटच्या घरात जाते. त्यावर छापलेले ४० अँपिअर हीटसिंकसह (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांसह) असतात, हे मी वाचलंच नव्हतं. त्यात बडोद्याचा मे आणि एसएसआरचा डबा भट्टीच्या अंगाला चिकटवलेला.

थर्मोकपल उलटा जोडला तर भट्टी तापताना आकडा उतरतो; ही चूक निदान लगेच कळते. कळत नाही ती थर्मोकपलपासून कंट्रोलरपर्यंत साधी तांब्याची वायर ओढण्याची. भट्टीजवळचं टर्मिनल ८० अंशांवर आणि कंट्रोलर ४० वर असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा सुमारे ४० अंश कमी दिसतो. काचेच्या कामात एवढ्यात सगळं बिघडतं. के टाइपच्या (भट्टीत नेहमी लागणाऱ्या) थर्मोकपलला के टाइपचीच वायर वापरा आणि थर्मोकपलचं टोक भिंतीतून इंचभर आत येऊ द्या. मातीकामाला सोबत कोनही (ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका) ठेवा; तापमानाबरोबर वेळेचाही परिणाम तो दाखवतो.

तारेचा हिशेब : २३० व्होल्टला ३ किलोवॉट हवे असतील तर रोध १७.६ ओहम, म्हणजे १.६ मिमीची कंथाल ए-१ तार सुमारे २४ मीटर. ‘जास्त तापेल’ म्हणून तार कापली की रोध घटतो, करंट वाढतो आणि १६ अँपिअरचं सॉकेट वितळतं. उलट संध्याकाळी व्होल्टेज २१० वर आलं की तीच भट्टी अडीच किलोवॉटची होते आणि शेवटचे शंभर अंश रडतरडत चढतात. तेव्हा कंट्रोलरला शिव्या देण्याआधी मल्टिमीटर लावा. एकदा तापलेली तार ठिसूळ होते. थंड असताना वाकवलीत तर तुटणारच.

पावसाळ्यानंतर पहिल्याच वेळी आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) पडतो, कारण विटांनी पाणी प्यायलेलं असतं. आरसीसीबी काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. त्याऐवजी आत १०० वॉटचा बल्ब रात्रभर जळत ठेवा. दार उघडण्याआधी मेन स्विच पाडा. एसएसआर बंद असला तरी तारेत फेज असू शकतो.

आता खरी गफलत : माती आणि काच एकाच प्रोग्रामवर (कंट्रोलरमधल्या तापमान-वेळेच्या आखणीवर) चढवणं. थानगढची माती असो वा कुठलीही, ओलसर भांडं १०० अंश ओलांडताना वाफेने फुटतं. ८०-९० वर रात्रभर ठेवा. पुढे ५७३ अंशांजवळ क्वार्ट्झ अचानक फुगतो, उतरताना तितकाच आकसतो. तिथे हळू जा. काचेचं दुखणं बहुतेक उतरतानाच असतं. खिडकीची साधी काच ५४० अंशांच्या आसपास धरून ठेवावी लागते, जाड तुकडा तर तासन्‌तास. आणि खिडकीच्या काचेवर बांगड्यांचे तुकडे वितळवू नका. दोन्हींचं आकसणं वेगळं. माझी अशी एक बशी भट्टीतून अख्खी निघाली, दोन दिवस टेबलावर मिरवली आणि तिसऱ्या पहाटे कुणी हात न लावता टचकन तडकली.