मनोरुग्णाला कोठडीऐवजी रुग्णालयात कसे न्यावे

वाडीतला एखादा माणूस रात्री-अपरात्री ओरडत फिरू लागतो, किंवा कोकण रेल्वेने आलेली अनोळखी व्यक्ती दिवसचे दिवस एसटी स्थानकावर स्वतःशी बोलत बसून राहते, तेव्हा पोलिसांना बोलवावे लागते. त्यात गैर काही नाही. मात्र पोलिसांना पहिल्यांदा काय सांगितले जाते, यावर पुढचे बरेचसे ठरते. ‘त्रास देतो, शिवीगाळ करतो’ एवढीच तक्रार दिली, तर शांतताभंगाची प्रतिबंधात्मक कारवाई हा ठाण्यातला सरावाचा मार्ग असतो. म्हणून 112 वर फोन करतानाच ही व्यक्ती मानसिक आजारी वाटते असे सांगावे. ठाण्यात गेल्यावर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 100 चा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जाला सरपंचाचे किंवा पोलीस पाटलाचे पत्र जोडल्यास वजन येते.

या कलमानुसार, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी किंवा स्वतःला अथवा इतरांना धोका ठरू शकणारी व्यक्ती आढळल्यास ठाणे अंमलदाराने तिला संरक्षणाखाली घेऊन शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते. अशा व्यक्तीला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवण्यास कायद्याची सक्त मनाई आहे. ‘जवळच्या’ या शब्दावर जोर द्यावा. दोडामार्ग किंवा मंडणगडहून रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पोहोचायला कित्येक तास लागतात, आणि ‘गाडी उपलब्ध नाही’ या सबबीवर रात्र ठाण्यातच निघून जाण्याची भीती असते. पहिली तपासणी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातही मागता येते. दाखल करण्याची गरज नसल्यास पोलिसांनी रुग्णाला घरी, आणि बेघर असल्यास सरकारी निवाऱ्यात पोहोचवायचे असते. बेवारस व्यक्तीबाबत हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधणे हेही पोलिसांचेच काम आहे.

रुग्ण घरचाच असेल, तर वेळ येण्याआधी तयारी करावी. जुन्या चिठ्ठ्या, औषधांची नावे आणि आधार कार्डाची प्रत एका पिशवीत ठेवावी. देवाला गाऱ्हाणे घालायचे असेल तर खुशाल घालावे, पण त्यासाठी गोळ्या थांबवू नयेत. सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. एखाद्या घरी रुग्णाला बांधून ठेवले जात असेल किंवा त्याची हेळसांड होत असेल, तर कलम 101 खाली शेजारीही पोलिसांना कळवू शकतो. त्यानंतर दंडाधिकारी तपासणीसाठी रुग्णाला जास्तीत जास्त 10 दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात.

खरी कसोटी रुग्णावरच गुन्हा दाखल झाल्यावर लागते, आणि नेमके तिथेच घरची माणसे लाजेने आजार लपवतात. आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाते, त्याच वेळी वकिलामार्फत आजाराची कागदपत्रे सादर करावीत. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा 15100 या क्रमांकावर मोफत वकील मागावा. मनोरुग्णाला या हक्काची माहिती देणे हे पोलिसांचे आणि दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्यच आहे. आजारामुळे आरोपीला स्वतःचा बचाव करता येत नाही असे ठरले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 369 नुसार गुन्हा अजामीनपात्र असला तरी न्यायालयाने त्याला जामिनावर सोडायचे असते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: दाखल करून उपचार करण्याची आवश्यकता नसावी, आणि जवळच्या वैद्यकीय सुविधेत नियमित बाह्यरुग्ण मानसोपचार करवून घेण्याची व इजा टाळण्याची हमी एखाद्या नातेवाइकाने किंवा मित्राने द्यावी. मुंबईला असलेल्या भावाने फोनवर होकार देऊन हे भागत नाही. हमी देणारा माणूस न्यायालयात हजर राहायला हवा. जामीन देता येत नसेल, तर नियमित मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी आरोपीला ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करून ठेवावी.