भारतात राहून जोडीदारासाठी अमेरिकेचं ग्रीन कार्ड: केस अडते ती डोमिसाइलवर

अमेरिकेचं नागरिकत्व आहे, पण संसार पुण्यात किंवा नागपुरात आहे आणि आता भारतीय नवऱ्याला किंवा बायकोला घेऊन तिकडे जायचंय. नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसाच्या कोट्याची रांग नसते, ही मोठी सोय. नात्याचे पुरावे म्हणून लग्नाचे अल्बम नि तिकिटं सगळेच गठ्ठ्याने जमवतात. केस अडते ती तुमच्या स्वतःच्या पत्त्यावर.

सुरुवात आय-१३० अर्जाने, म्हणजे नागरिकाने जोडीदारासाठी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे करायच्या अर्जाने. तो भारतात बसून ऑनलाइन भरता येतो. फी ६२५ डॉलर, कागदी अर्जाला ६७५. भरण्याआधी चालू दर बघून घ्या. सोबत जोडीदाराच्या माहितीचा आय-१३०ए फॉर्म, विवाह नोंदणीचा दाखला आणि आधीचं लग्न मोडलं असेल तर कोर्टाचा हुकूमनामा. लग्नपत्रिका चालत नाही.

मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे ३२५ आणि १२० डॉलर अशा दोन फी भरायच्या, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र द्यायचं. खरी ठेच इथे लागते. हमीपत्रात 'कंट्री ऑफ डोमिसाइल', म्हणजे हमी देणाऱ्याच्या कायम वास्तव्याचा देश, असा रकाना आहे. वर्षानुवर्षं भारतात राहणारा माणूस प्रामाणिकपणे 'इंडिया' लिहून मोकळा होतो आणि फाइल परत येते. हमी देणारा अमेरिकेचा रहिवासी असावा लागतो, किंवा जोडीदार तिथे उतरेपर्यंत पुन्हा तिथे बस्तान बसवणारा. आपल्याकडे डोमिसाइल तहसीलमधून मिळतं. तिकडे असा दाखला देणारं ऑफिसच नाही. म्हणून पुराव्यांची जुडी बांधायची: चालू बँक खातं, मतदार नोंदणी, नोकरीचं ऑफर लेटर, भाडेकरार, मुलांचा शाळाप्रवेश, सामान हलवण्याचं कोटेशन आणि परतीचा बेत सांगणारं सहीचं पत्र. एवढं हाताशी असेल तरच त्या रकान्यात अमेरिका लिहा. तिथला भाऊ जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या जोडीने हमी देणारा, होऊन पैशाची बाजू सावरेल, डोमिसाइलची उणीव मात्र त्याला भरून काढता येत नाही.

उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. २०२५च्या तक्त्यात दोघांच्या घराला ही रक्कम २६,४३७ डॉलर होती. इथली नोकरी सोडून जाणार असाल तर तिचा पगार धरला जात नाही. मग जॉइंट स्पॉन्सर, नाहीतर तुटीच्या तिप्पट मालमत्ता, तीही वर्षभरात रोकड करता येईल अशी. कर भारतात भरला म्हणून अमेरिकेचं रिटर्न टळत नाही. राहून गेलं असेल तर आधी ते भरा.

मराठी घरांत हमखास घोळ नावाचा. जन्मदाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा, दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून नवा दाखला आधीच काढून ठेवा. मुलाखत आठवड्यावर आली की हे काम होत नाही. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर, त्याखाली भाषांतरकाराची 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बिनचूक आहे' अशी सही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून. आणि वर्षभर नॅशनल व्हिसा सेंटरशी काहीच संपर्क ठेवला नाही तर केस बंद होऊ शकते, अधूनमधून लॉगइन करत राहा.

मुलाखत मुंबईत, बीकेसीतल्या वकिलातीत. त्याआधी मेडिकल, तेही ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच. व्हिसाची मुदत बहुधा याच मेडिकलच्या तारखेला बांधलेली असते, म्हणून ते फार लवकर उरकू नका.

तिकीट काढताना दोघं एकत्र जा, नाहीतर तुम्ही आधी. जोडीदाराने एकट्याने पुढे जायचं नाही. निघण्यापूर्वी २३५ डॉलरची इमिग्रंट फी भरा. लग्नाला दोन वर्षं व्हायला थोडेच दिवस उरले असतील आणि व्हिसाची मुदत पुरत असेल, तर थांबा. दोन वर्षांच्या आत उतरलात तर दोन वर्षांचंच सशर्त कार्ड मिळतं आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अट काढून घेण्यासाठी आय-७५१ अर्ज भरावा लागतो. नंतर उतरलात तर दहा वर्षांचं. तेव्हा व्हिसावर सीआर-१ (सशर्त कार्डाचा प्रकार) छापलेलं असेल तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून आयआर-१ (दहा वर्षांच्या कार्डाचा प्रकार) करून मागा.