गिअरबॉक्समधून तेल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

मोटरसायकलखाली तेलाचा डाग दिसला की बहुतेक जण दिसेल तो बोल्ट आवळतात, नाहीतर ओल्या जागेवर एम-सील थापतात. दोन्ही करू नका. तेल जिथून ठिबकतं तिथूनच ते सुटलेलं असतं, असं क्वचितच होतं. वर कुठेतरी पाझर फुटतो, तेल कव्हरच्या कडेने उतरतं, चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो आणि शेवटी सगळ्यात खालच्या बोल्टवरून थेंब पडतो. त्या बोल्टचा काही दोष नसताना त्यालाच आवळून आवळून आटे घालवले जातात. मग साध्या गळतीचं काम मोठं होतं.

आजच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत, म्हणजे स्प्लेंडर, शाइन, पल्सर वगैरेंमध्ये, गिअरबॉक्सचं वेगळं तेल नसतंच. इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलावर चालतात. म्हणून गिअरबॉक्स गळतोय म्हणजे इंजिनचंच तेल कमी होतंय. शंभर सीसीच्या गाडीत सगळं मिळून तेल लिटरभराच्या आसपास. त्यातलं पाव लिटर गेलं तरी इंजिनाला धोका आहे. जुन्या कास्ट-आयर्न बुलेटला मात्र इंजिन, प्रायमरी चेनकेस आणि गिअरबॉक्स अशा तिन्ही जागा वेगळ्या. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकलाही गिअर ऑइल वेगळं असतं.

आधी धुवा, मग पावडर मारा

पहिली शंका चेनवर घ्या. चेनला जास्त तेल मारलं असेल तर ते उडून स्प्रॉकेट कव्हरमध्ये साचतं आणि तिथून टपकतं. हे तेल काळंकुट्ट आणि चिकट असतं, त्यात रेतीची कचकच लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल गळून इंजिनवरून उतरतं, ते वासावरून लगेच कळतं.

मग धुलाई. नागपूरजवळच्या काटोल-सावनेरकडच्या शेतरस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीच्या पोटाला काळ्या मातीचा थर बसलेला असतो. ती माती तेल पिऊन घेते, त्यामुळे गळती महिनोन्‌महिने दिसतच नाही. इंजिन थंड असताना जुना ब्रश आणि थोडं रॉकेल किंवा डीग्रीजर घेऊन क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर, गिअर लिव्हरची मुळी आणि पुढच्या स्प्रॉकेटचा खळगा घासून काढा. पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचं पाणी थेट सीलवर, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर, मारू देऊ नका.

सुकल्यावर संशयाच्या सगळ्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवा. सीताबर्डीहून कोराडीच्या देवीपर्यंत गेलात तरी पुरे. परतल्यावर गाडी मेन स्टँडवर लावून टॉर्चने बघा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ उमटलेली दिसेल. त्या रेघेचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक शोधा. गळती तिथे आहे.

काही दिसलं नाही, तर रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. गाडी उभी असतानाच गळते की चालतानाच, हे त्यातून कळतं. फक्त चालताना गळत असेल तर ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी, तपासा. तो चोंदला, किंवा तेल जास्त भरलं गेलं, की आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं. तेलाची पातळी गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून बघायची. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) आटे फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. इथे चूक झाली की मापच चुकतं.

आपल्याकडे हिवाळ्यात न दिसलेली गळती मे महिन्यात उघडी पडते. पारा ४५ च्या वर गेला की तेल पातळ होतं आणि कडक झालेला जुना रबर सील ते धरू शकत नाही. त्यावर उपाय म्हणून जाड तेल भरायचा सल्ला मिळतो. तो मला मान्य नाही. कंपनीने सांगितलेला ग्रेडच भरा आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (JASO MA/MA2, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचला चालणारं तेल) लिहिलेलं बघा. गळती थांबवणारी औषधं किंवा कारचं तेल घातलं तर क्लच घसरायला लागू शकतो.

कुठली गळती, कुठलं काम

ड्रेन नट ओला असेल तर नट आवळायचा नाही, वायसर बदलायचा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा वायसर एकदाच नीट दबतो, म्हणून दर ऑइल चेंजला नवा घाला. आटे गेलेच असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, लेथवाल्याकडून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्या. काढलेलं तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. नाल्यात ओतलं तर ते नाग नदीत नाहीतर पिवळी नदीत जातं.

गिअर लिव्हरच्या शाफ्टचा सील घरी बदलता येतो. लिव्हर आणि शाफ्टवर खूण करा. लिव्हरचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण काढावा लागतो, कारण तो शाफ्टच्या खाचेत अडकलेला असतो. गाडी उजवीकडे कलती धरली तर तेल काढायचीही गरज पडत नाही. जुना सील वाकड्या टोकाच्या हुकने ओढा, नवा तेल लावून सरळ दाबा.

क्लच कव्हरच्या पॅकिंगचं (सांध्यातल्या पातळ गॅस्केटचं) काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. तेल काढा, किक काढा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा. चिकटलेलं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. ॲल्युमिनियमवर एक चरा पडला की नवं पॅकिंगही गळेल. प्लास्टिकची पट्टी वापरा. सिलिकॉन लावायचंच तर अगदी पातळ लावा. आत शिरलेले त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात. ६ मिमीचे बोल्ट समोरासमोरचे घेत, थोडे थोडे, साधारण १० ते १२ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा.

पुढच्या स्प्रॉकेटमागचा सील गेला असेल तर अजिबात वेळ काढू नका. तिथलं तेल चेनवर जातं आणि चेन ते मागच्या टायरपर्यंत नेते. वर्धा रोडवर ऐंशीच्या वेगात मागचा टायर तेलकट असणं म्हणजे थेट जीवाशी गाठ.

मागच्या चाकाचा एक्सल सैल करण्याआधीच गाडी गिअरमध्ये टाकून आणि मागचा ब्रेक दाबून स्प्रॉकेटचे बोल्ट ढिले करा. मग चेन सैल करून स्प्रॉकेट बाहेर घ्या. आता शाफ्ट पुसून कोरडा करा आणि जरा वेळ नुसतं बघा. तेल सीलच्या बाहेरच्या कडेने येतंय, शाफ्टला टेकणाऱ्या त्याच्या ओठाजवळून येतंय की कॉलरच्या आतून? बऱ्याच गाड्यांत शाफ्टवर एक कॉलर आणि तिच्या आत ओ-रिंग (बारीक रबरी कडी) असते. गळती त्या छोट्या ओ-रिंगची असेल तर सील कितीही वेळा बदला, तेल येतच राहणार.

शाफ्ट वर-खाली हलवून बघा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग गेलंय आणि नवा सीलही टिकणार नाही. तिथून पुढचं काम मिस्त्रीचं. शाफ्टवर नख फिरवा. खोल चरी लागली तर सील शेजारच्या गुळगुळीत जागेवर येईल असा बसवावा लागतो, किंवा कॉलर बदलावी लागते. काही इंजिनांत हा सील आतून अडवलेला असतो आणि केस उघडल्याशिवाय निघत नाही. म्हणून ओढाताण करण्याआधी नवा सील हातात घेऊन जुन्याशी ताडून बघा.

नवा सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. शाफ्टच्या दातांवर प्लास्टिक टेप गुंडाळा, नाहीतर सीलचा ओठ तिथेच कापला जातो. ओठाला तेल लावा, सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या गोटी पान्याने चहूबाजूंनी हलके ठोकत सपाट बसवा. मग चेनचा ताण नीट ठेवा. बहुतेक कम्युटर गाड्यांना २० ते ३० मिमी ढिलाई लागते, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत मिळेल. चेन फार ताठ ठेवली की बेअरिंग आणि सील दोन्ही लवकर जातात.

टू-स्ट्रोकवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. बाहेर थेंबही नाही, पण गिअर ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतोय, तर क्लचच्या बाजूचा क्रँक सील गेलेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतंय.

काम संपल्यावर तेल पातळीपर्यंत भरा, पाच मिनिटं इंजिन चालवा, पुन्हा पातळी बघा. मग परत पावडर मारून तीच पंधरा किलोमीटरची फेरी. मागचा टायर आणि ब्रेक ड्रम तेलकट झाले असतील तर ते साबणाच्या पाण्याने धुऊन मगच निघा. डिस्क असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा, आणि तेल प्यायलेले पॅड बदलूनच टाका.