एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. अडकते कुठे? या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. म्हणजे चार सत्रं, दर सत्राला 22 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप), एकूण 88. एवढं सगळ्यांना पाठ असतं. चुकतो तो पदवी पूर्ण करण्याच्या मुदतीचा हिशोब.

मुदत शेवटच्या परीक्षा फॉर्मपासून नाही, पहिल्या प्रवेशापासून मोजतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015 च्या सूचनांनुसार नेहमीचा काळ अधिक दोन वर्षं. त्यापुढे एक वर्ष फक्त अपवाद म्हणून. प्रवेश 2023-24 चा असेल तर पदवी 2025 ला, नाहीतर 2027 पर्यंत. 2028 खास परवानगी मिळाली तरच. फॉर्म न भरता घरी बसलेलं वर्षही यात धरलं जातं, आणि वाढीव काळात खासगी विद्यार्थी ठरल्याने गुणवत्ता यादीत नाव लागत नाही. हिवाळी परीक्षेचे फॉर्म कापूस वेचणीच्या धांदलीत येतात, तेव्हा पहिल्या सत्राचा बॅकलॉग (राहिलेले पेपर) हमखास मागे पडतो. मग अभ्यासक्रम बदलतो, जुन्या पॅटर्नच्या परीक्षा मोजक्याच वेळा होतात, आणि मागे राहिलेला तो एक पेपर पदवी अडवून धरतो. नियमित पेपर नसला तरी बॅकलॉगचा फॉर्म दरवेळी भरा.

दुसऱ्या सत्रातलं ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) 4 क्रेडिटचं, म्हणजे 120 तास. रोज चार तास धरले तर पूर्ण तीस दिवस. जिनिंगमध्ये, पतसंस्थेत किंवा केळीच्या पॅकहाऊसमध्ये काम खरोखर केलेलं असतं, पण प्रमाणपत्रावर ‘एक महिना काम केले’ एवढंच लिहून येतं. तासच नसतील तर क्रेडिट देणार कशाच्या आधारावर? पासून-पर्यंत तारखा, एकूण तास, सही, शिक्का हे चारही तिथून निघण्याआधीच बघून घ्या. रोजच्या हजेरीवर त्याच दिवशी सही घ्या. महिन्याने मागितली तर साहेब बदललेले असतात.

जिथे अंतर्गत गुणांत स्वतंत्र पास व्हावं लागतं, तिथे लेखी पेपर कितीही चांगला गेला तरी ती कमतरता भरून निघत नाही. अंतर्गत परीक्षा विभागच घेतो. त्यामुळे त्यात मागे राहिलात तर सत्र सुरू होताच ती पुन्हा देण्यासाठी विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.

एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन) खात्यात क्रेडिट दिसत नसतील तर आधी नाव तपासा. आधारवर सासरचं आडनाव, गुणपत्रिकेवर माहेरचं, ही इथली नेहमीची अडचण. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच सत्रात हे काम उरका. खात्यातली क्रेडिट साधारण सात वर्षं ग्राह्य असतात, पण तेवढ्याने पदवीची मुदत वाढत नाही.

नवापूर किंवा रावेरकडच्या ज्यांनी पदवी गुजरात-मध्य प्रदेशातून घेतली आहे, त्यांनी आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्र प्रवेशावेळीच आणावं. पात्रता निश्चित झाली नाही तर निकाल राखून ठेवला जातो.